सेवासदनच्या रमाबाई रानडे

थोर समाजसेविका रमाबाई रानडे यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर. माहेरी त्यांना लिहायला वाचायला कोणी शिकवले नाही. त्या काळी बहुतेक मुलींना शाळेत घालत नसत.

१८७३ साली त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे पुढे न्यायमूर्ती झाले. तेव्हा रमाबाई फक्त ११ वर्षांच्या होत्या. म्हणजे आमच्यापेक्षा एकच वर्ष मोठ्या. रानडे त्यांना पुण्यात घरीच रात्री शिकवायचे. घरातल्या बायकांना ते आवडत नसे. त्या टोमणे मारायच्या. पण रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. त्या मराठी शिकल्या, इंग्रजीपण शिकल्या. रानड्यांचे डोळे अधू होते, म्हणून पुढे रमाबाईच त्यांना वाचून दाखवायच्या.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाईंना फार दुःख झाले. पण त्या रडत बसल्या नाहीत. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे बायका व विधवा शिकायला येऊ लागल्या. रमाबाईंनी त्यांना नर्सचे शिक्षण घ्यायला सांगितले. पुणे स्टेशनजवळच्या ससून हॉस्पिटलात त्या शिकायला जाऊ लागल्या.

तेव्हा लोकांनी नावे ठेवली. बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची सेवा करायची, रात्री हॉस्पिटलात राहायचे, हे लोकांना पटेना. पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. रोग्याची सेवा हे चांगले काम आहे असे त्यांना वाटे.

नर्सला फक्त माया असून भागत नाही. तिला वाचता आणि मोजता यावे लागते. आमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंनी मला सांगितले की औषध देण्याआधी पाच गोष्टी बघायच्या. रोगी तोच आहे ना, औषध तेच आहे ना, माप बरोबर आहे ना, औषध पोटात द्यायचे की सुईने, आणि वेळ झाली आहे ना. शंका आली तर अंदाजाने द्यायचे नाही, आधी विचारायचे. दिले की लगेच लिहून ठेवायचे, नाहीतर दुसरी नर्स तेच औषध पुन्हा देईल.

आमच्या आजीला वाचता येत नाही. एकदा तिने आपली समजून बाबांची गोळी खाल्ली. दोन्ही गोळ्या पांढऱ्याच होत्या. तिला चक्कर आली आणि आम्ही सगळे घाबरलो. डॉक्टरांकडे नेले तेव्हा ती बरी झाली. आता आईने दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या आहेत. मी पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचते, आई चिठ्ठीशी ताडून बघते आणि मगच आजीला गोळी देते. तेव्हा मला रमाबाईंची आठवण येते. त्या शिकल्या नसत्या तर किती बायका शिकायच्या राहिल्या असत्या, आणि किती रोग्यांना सेवा मिळाली नसती!

पुण्यात मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून रमाबाईंनी चळवळ केली. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली, तेव्हा सरकारने त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट काढले.

मुलींनो, मन लावून शिका. आईबाबांनो, मुलींना शाळा सोडायला लावू नका. घरातली गोळी कोणालाही वाचून मगच द्या. अशा या थोर रमाबाईंना माझा नमस्कार.

इयत्ता चौथी