सरासरीत न मावणारे सी. के. नायडू

सर्वश्रेष्ठ भारतीय क्रिकेटपटू कोण, हा वाद काटोलच्या चहाच्या टपरीवर जितक्या हिरिरीने चालतो, तितक्याच हिरिरीने महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही चालतो. गावसकरांच्या १०,१२२ कसोटी धावांपुढे तेंडुलकरांच्या १५,९२१ धावा ठेवल्या की वाद मिटला, असे समजले जाते. या वादात ज्यांचे नाव क्वचितच निघते, ते कर्नल सी. के. नायडू आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, नागपुरात, ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मले. त्यांचा कसोटीतील हिशेब पाहिला तर हे मौन समर्थनीय वाटेल : ७ सामने, ३५० धावा, सरासरी २५, शतक एकही नाही. पण हा हिशेब नायडूंचा, की त्यांच्या काळाचा?

नायडूंनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले ते १९१६ साली, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत, हिंदू संघातर्फे. भारताला पहिला कसोटी सामना मिळाला तो १९३२ साली. मधली १६ वर्षे, म्हणजे खेळाडूच्या ऐन उमेदीचा काळ, कसोटीच्या वहीत नोंदलेलाच नाही. याच काळात होळकरांनी त्यांना इंदूरला नेले. याच काळात, १९२६ साली, गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. भारत कसोटीस पात्र आहे, ही भावना बळावण्यास त्या खेळीचा हातभार लागला.

लॉर्ड्‌सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून उतरले, तेव्हा त्यांनी वयाची ३६ वर्षे ओलांडली होती. झेल घेताना हाताला दुखापत झाली, तरीही पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीत त्यांनी १,६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. विस्डेनने १९३३ च्या अंकात त्यांना वर्षातील पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले. १९३६ च्या दौऱ्यात मात्र कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि नायडू त्यांच्या हाताखाली खेळले. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत चेंडूचा जबर मार बसूनही त्यांनी ८१ धावा केल्या.

पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. एकसष्टीतही ते उत्तर प्रदेशातर्फे रणजी सामने खेळले. त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ च्या मोसमात, वयाच्या ६८ व्या वर्षी, जन्मगाव नागपुरातच झाला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले.

आकड्यांनी नायडूंची वकिली करता येईल, असा दावा मी करणार नाही. प्रथम श्रेणीत विजय मर्चंट यांची सरासरी ७१.६४, तर नायडूंची ३५.९४. समकालीनांतही ते आकड्यांत मागेच पडतात. पण अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्गात आम्ही शिकवतो की, दोन काळांतील किमतींची तुलना करायची तर आधारवर्ष लागते. निर्देशांकात त्या वर्षाचे मूल्य १०० धरले जाते. ते लहान आहे म्हणून त्या वर्षाला कोणी हिणवत नाही. पुढची सारी वाढ त्याच्यापासूनच मोजली जाते. भारतीय क्रिकेटचे आधारवर्ष नायडू आहेत.

म्हणून त्यांना सर्वश्रेष्ठ ठरवा, असेही माझे म्हणणे नाही. मोजमाप करण्यापूर्वी, संधी किती होती आणि मागे काय उरले, हे दोन प्रश्न विचारावेत, एवढीच अपेक्षा आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या पालवणकर बाळूंच्या नावापुढे कसोटीचा रकाना कोराच आहे आणि जातीपायी हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांना कधी मिळाले नाही. ज्याला संधीच मिळाली नाही त्याचा रकाना शून्य मानणे, ही हिशेबातील चूक तर आहेच. ती अन्यायाला दिलेली दुसरी मान्यताही आहे. वर्गातील मुलांची गुणपत्रिका वाचतानाही मला हे वारंवार आठवावे लागते.