औंधच्या राजाने सँडोची यंत्रं सोडली, सूर्यनमस्कार मात्र शेवटपर्यंत धरले

रथसप्तमी जवळ आली की आपल्याकडे शाळांच्या मैदानावर सूर्यनमस्कारांची गडबड सुरू होते. दुसऱ्या दिवशी सतरंज्या गोळा होतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत बंद. माझंही वेगळं नाही. जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि जेमतेम महिनाभर गेलो. कॉमर्स शिकलेल्या माणसाला न शोभणारा हा हिशेब! अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. कारण मनाजोगता व्यायाम सापडायला त्यांनाही वेळ लागला होता.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. सातारा भागातलं औंध हे छोटं संस्थान. त्याचा एक तुकडा आजच्या विजापूर जिल्ह्यात, गुणदाळला होता. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. चित्रं काढायची, कीर्तन करायचं, असे त्यांचे अनेक नाद. त्यातलाच एक व्यायामाचा.

त्या काळात युजेन सँडो या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. आपण आजही ‘सँडो बनियन’ म्हणतो, तोच हा सँडो. बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि साहित्य मागवलं आणि सुमारे १० वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला. म्हणजे चिकाटी कमी नव्हती. पण त्या व्यायामाला साहित्य लागायचं, आणि ते घेणं प्रत्येकाच्या खिशाला परवडणारं नव्हतं.

पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि इथे त्यांचं मन रमलं. ना यंत्र, ना आखाडा. अंथरायला एक घडी, हातपाय पसरण्याइतकी जागा आणि सकाळचा थोडा वेळ, बस्स. शरीर वाकतं, ताणतं, श्वासाला लय येते, तोंडाने सूर्याची नावं चालू असतात. एकट्याने करा नाहीतर सगळ्या घराने मिळून करा. औंधच्या राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी, बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. एवढा व्याप सांभाळूनही नमस्कार चुकले नाहीत. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावं.

स्वतःला जे आवडलं ते सगळ्यांना मिळावं, म्हणून त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या दौऱ्यात लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंना त्यांच्या तब्येतीचं कुतूहल वाटलं आणि १९३८ साली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक तिकडे निघालं. त्यांच्या पद्धतीत नमस्काराच्या १० स्थिती होत्या, त्यावरून हे नाव. आज बहुतेक ठिकाणी १२ मोजतात.

आता एक प्रश्न राहतोच. राजाने शाळेत लावलेल्या व्यायामाची मुलांना गोडी लागते का? रांगेत उभं राहून मास्तरांच्या धाकाने वाकणं वेगळं आणि आपणहून पहाटे उठणं वेगळं. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाचं राज्य गेलं, हुकूमही गेला. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेब गेले.

पण त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे पुढे देशाचे राजदूत झाले, त्यांनी १९७० साली सूर्यनमस्कारांवर स्वतः पुस्तक लिहिलं. वडील जाऊन तेव्हा जवळपास २० वर्षं झाली होती आणि हुकूम करणारं कोणी उरलं नव्हतं. लहानपणी घरात रोज पाहिलेलं आणि सगळ्यांबरोबर केलेलं अंगात मुरलं होतं. मला वाटतं, शाळेतल्या हुकमापेक्षा राजवाड्यातली ती सकाळच जास्त कामाला आली.

तेव्हा यंदा रथसप्तमीला १०८ चा विक्रम करून आठ दिवस अंग दुखवून घेण्यापेक्षा घरात पाच-सहा नमस्कारांनी सुरुवात करा. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोडीला पोरांना घ्या. आणि नमस्कारात मन रमलं नाही तर चालणं, पोहणं, सायकल, जे आवडेल ते धरा. खुद्द राजेसाहेबांनीही १० वर्षांनी व्यायाम बदललाच होता की!