धाकटा विष्णू

मैत्रिणींनो, मागे आमच्या शेळगावात बचत गटाचे हिशेब झाल्यावर चहा घेता घेता मी सहज विचारलं, पिंगळे म्हटलं की कोण आठवतं? बहुतेकींनी शिवाजी महाराजांचे मोरोपंत पिंगळे सांगितले. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या विष्णू गणेश पिंगळ्यांचं नाव एकीलाही आठवलं नाही. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं.

विष्णूचा जन्म जानेवारी 1888 मधला, शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचा. नऊ भावंडांत हा शेंडेफळ. शेंडेफळाचं घरात किती कौतुक असतं ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको! शिकायला तो दुसऱ्या तळेगावात, म्हणजे तळेगाव दाभाड्याला गेला. तिथे प्रा. विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. शिक्षण राष्ट्रीय वळणाचं, त्यामुळे सरकारची त्या शाळेवर वक्रदृष्टी. 1910 मध्ये ती बंदच पाडली.

पुढे हा मुलगा थेट अमेरिकेला गेला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकू लागला. मुकाट्याने डिग्री घेतली असती तर सुखात राहिला असता. पण 1913 मध्ये तिकडच्या हिंदी लोकांनी, त्यातही जास्त करून पंजाबी मजुरांनी, गदर पक्ष काढला आणि विष्णू त्यात शिरला. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्यात होते. ते वाचले आणि पुढे मेक्सिकोत मक्याचे मोठे शास्त्रज्ञ झाले.

1914 मध्ये महायुद्ध पेटलं. इंग्रजांचं सैन्य युरोपात अडकलंय, तेव्हा इथल्या छावण्यांतले हिंदी शिपाई फोडायचे आणि एकाच दिवशी उठाव करायचा, असा गदरवाल्यांचा बेत ठरला. नोव्हेंबरात विष्णू कलकत्त्याला उतरला. बनारसला रासबिहारी बोसांना भेटला. बंगालचे क्रांतिकारक आणि पंजाबात परतलेले गदरवाले यांची गाठ घालून देण्याचं मोठं काम या मराठी पोराने केलं. पुढारी म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही, पण सुई-दोऱ्याशिवाय गोधडी शिवली जाते का?

उठावाची तारीख 21 फेब्रुवारी 1915 ठरली होती. पण किरपालसिंग नावाचा फितूर आत शिरलेला. त्याचा संशय आल्यावर तारीख 19 वर आणली, तीही सरकारला कळली. शिपायांची हत्यारं काढून घेतली, लाहोरात धरपकड झाली, सगळं फसलं. रासबिहारी निसटले आणि काही महिन्यांनी जपानला पोचले.

विष्णूलाही पळता आलं असतं. मी इथेच नेहमी अडते. सगळं उधळल्यावर महिन्याभराने हा बॉम्ब घेऊन मेरठच्या छावणीत का गेला असेल? वेडं धाडस म्हणा हवं तर. पण एक तरी पलटण उठेल ही आशा त्याला सोडवत नसावी, असं मला वाटतं. 23 मार्चला 12व्या रिसाल्याच्या लाइनीतच तो बॉम्बसकट पकडला गेला. ज्यांच्या भरवशावर गेला, त्या शिपायांतल्याच एकाने त्याला पकडून दिलं.

लाहोरला खास न्यायालयापुढे खटला चालला. सप्टेंबरात चोवीस जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉयने त्यातल्या सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरले सात. त्यात एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता आणि आपला सत्तावीस वर्षांचा विष्णू. सहा पंजाबी आणि एक मराठी. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात सातही जण फासावर गेले.

कर्तारसिंगचा फोटो पुढे भगतसिंग खिशात बाळगायचे. पंजाबात तो पोर घराघरात ठाऊक आहे. त्याच दिवशी, त्याच तुरुंगात गेलेल्या विष्णूला मात्र त्याच्याच जिल्ह्यातल्या आम्ही बायका ओळखत नव्हतो. त्या दिवशी चहा गार झाला, पण कुणी उठलं नाही. आमच्यातल्या एका आजींनी एवढंच विचारलं, एवढ्या लांब लाहोरला फाशी दिली, मग त्याच्या आईला कुणी कळवलं असेल का?