कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : एक ज्ञानतपस्विनी

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील व्यक्तीचे चरित्र कशासाठी, असे काही बांधव विचारतील. विद्येला ज्ञाती नसते, एवढेच नम्र उत्तर देऊन लेखणी हाती घेतो.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या केवळ स्त्री असल्यामुळे तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर एक वर्ष काम पाहून मगच प्रवेश कायम करावयाचा, अशा अपमानास्पद अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींस खुली झाली. एकीने सोसलेल्या अपमानाचे फळ पुढे अनेकींना लाभले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर संशोधन करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. परंतु त्यावर १९३९ साली त्यांना पीएच्‌. डी. मिळाली. विज्ञानविषयात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

परदेशी न राहता त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि कालांतराने तिच्या संचालिका झाल्या. तेथे त्यांनी गरिबांच्या ताटाकडे लक्ष वळविले. कडधान्यांतील, प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणाऱ्या घटकांचा त्यांनी अभ्यास केला. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह यांचा शोध घेऊन, आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो, हे दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. १९९८ साली दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

हरसूलच्या डोंगरभागात राहणाऱ्या आपणांस कुपोषण म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून हे चरित्र आपणांस दूरचे नाही.

आता एक कबुली देतो. माझ्या शिक्षकी पेशात गणितात सदैव पहिली येणारी एक मुलगी होती. तिचे लग्न ठरले, तेव्हा वडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. मी स्थळ चांगले आहे, एवढेच बोललो. मुलीस पुढे शिकवा, हे शब्द ओठांवर येऊनही मी गिळले. बंगळूरचे दार एका थोर शास्त्रज्ञाने अडविले होते व ते पुढे त्यानेच उघडले. माझ्या हातून अडलेले दार मात्र उघडावयाचे राहून गेले.

ज्ञातिबांधवहो, आपल्या मंडळाने गुणवंतांना नारळ व शाल द्यावी. परंतु त्याबरोबर दहावी उत्तीर्ण झालेल्या एका तरी मुलीच्या पुढील शिक्षणाचा भार उचलावा. माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी देण्यास मी सिद्ध आहे.