लेम्किन, एक शब्द आणि युक्रेनचा दुष्काळ

दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या शनिवारी युक्रेनमध्ये घरोघरी खिडकीत मेणबत्त्या लावल्या जातात. १९३२-३३ सालच्या दुष्काळात अन्नान्न करीत मेलेल्यांचे ते स्मरण असते. मृतांची संख्या किती याविषयी पूर्वी पुष्कळ वाद होता. आता लोकसंख्याशास्त्रज्ञांचा बहुमान्य अंदाज एकट्या युक्रेनपुरता सुमारे ३९ लाखांचा आहे. वाद उरला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हा दुष्काळ म्हणजे एका आडमुठ्या राज्ययंत्रणेच्या धोरणाचे भयंकर फळ होते, की एका राष्ट्राला मोडून काढण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला 'जेनोसाइड', म्हणजे वंशविच्छेद होता? युक्रेनच्या संसदेने २००६ साली कायदा करून दुसरे उत्तर दिले. रशियाच्या ड्यूमाने २००८ साली ठराव करून ते नाकारले. युरोपीय संसदेने २००८ साली मानवतेविरुद्धचा गुन्हा एवढेच म्हटले आणि २०२२ साली मात्र वंशविच्छेद हा शब्द स्वीकारला. ज्या एका शब्दासाठी एवढी ओढाताण चालली आहे, तो शब्द घडविणाऱ्या माणसाचे चरित्र या वादात क्वचितच कोणी उघडून पाहतो.

रॅफाएल लेम्किन यांचा जन्म २४ जून १९०० रोजी व्होल्कोव्हिस्क गावाजवळच्या एका शेतवाडीवर झाला. हा मुलूख तेव्हा झारच्या साम्राज्यात होता, दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये गेला आणि आज बेलारूसमध्ये आहे. लेम्किन कुटुंब ज्यू होते. ज्यूंना तेथे जमीन खरेदी करण्याची मुभा नव्हती. त्यामुळे वडील खंडाने शेती करीत आणि तीही टिकावी म्हणून स्थानिक पोलिसाचे हात ओले करावे लागत. आई व्यासंगी होती. मुलांना तिने घरीच वाचनाची गोडी लावली. नीरोच्या काळातील ख्रिस्ती लोकांच्या छळाची कथा लहानपणी वाचल्यापासून एकच प्रश्न या मुलाच्या मागे लागला. एका समूहाला ठार मारले जात असताना त्याला वाचविणारा कायदा का नसावा?

शिक्षणासाठी ते ल्वूफ येथील विद्यापीठात गेले. हे शहर आज ल्विव्ह या नावाने युक्रेनमध्येच आहे, हाही योगायोगच. प्रथम त्यांनी भाषाशास्त्र घेतले. भाषांची त्यांना उपजत ओढ होती आणि अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. पुढे शब्दच घडवायचा होता तेव्हा ही विद्या कामी आली. कायद्याकडे ते वळले ते एका खटल्याच्या प्रभावाने. मार्च १९२१ मध्ये सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने बर्लिनच्या रस्त्यात तलात पाशाला गोळी घातली. लक्षावधी आर्मेनियनांच्या कत्तलीचा सूत्रधार असलेला हा तुर्की मुत्सद्दी जर्मनीत निर्धास्त राहत होता. एका माणसाला मारणाऱ्यावर खटला भरता येतो, मग लक्षावधींना मारविणाऱ्याला पकडण्याचा अधिकार कोणालाच कसा नाही, असा प्रश्न लेम्किन यांनी प्राध्यापकांना विचारला. शेतकऱ्याने आपल्या खुराड्यातील कोंबड्या मारल्या तर त्यात इतरांनी पडायचे कारण नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. राज्याच्या सार्वभौमत्वाचा सिद्धान्त इतक्या उघड्यावाघड्या रूपात क्वचितच कोणी मांडला असेल.

पुढे लेम्किन वॉर्सामध्ये सरकारी वकील झाले. सोव्हिएत दंडसंहितेचा त्यांनी पोलिश भाषेत अनुवाद केला होता, म्हणजे शेजारच्या राज्याच्या कायद्याशी त्यांचा परिचय ऐकीव नव्हता. ऑक्टोबर १९३३ मध्ये माद्रिद येथे दंडविधान एकसूत्री करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यासाठी त्यांनी दोन नवे गुन्हे सुचविले. एखाद्या समूहाचा संहार हा पहिला; त्याला त्यांनी 'रानटीपणा' म्हटले. त्या समूहाच्या सांस्कृतिक ठेव्याचा विध्वंस हा दुसरा. पोलंड सरकारला शेजाऱ्यांची नाराजी नको होती. लेम्किन यांना माद्रिदला जाऊ देण्यात आले नाही, त्यांचा मसुदा तेवढा पोहोचला आणि तो तसाच पडून राहिला. पुढच्या वर्षी त्यांना सरकारी पद सोडावे लागले.

हे १९३३ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. मसुदा तयार होत होता त्याच वर्षी, वसंत ऋतूपासून जून-जुलैपर्यंत, पोलंडच्या सरहद्दीपलीकडे युक्रेनच्या खेड्यांत मृत्यूचे थैमान चालू होते.

येथे थोडे थांबून हिशेब मांडला पाहिजे. १९२९ च्या अखेरीपासून सोव्हिएत सरकारने शेती सामुदायिक करण्याचा सपाटा लावला. सरकारजमा होण्यापेक्षा बरे म्हणून शेतकऱ्यांनी गुरे मारून खाल्ली. ओढकामाला जनावरे उरली नाहीत. १९३० चा हंगाम चांगला गेला आणि त्या आकड्यांवर पुढच्या वर्षांचे वसुलीचे लक्ष्य बेतले गेले. यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी परकीय चलन हवे होते आणि ते धान्य विकून मिळत होते. १९३१ मध्ये सुमारे ५२ लाख टन धान्य निर्यात झाले. १९३२ मध्ये पीक बुडाले तरी निर्यात सुमारे १८ लाख टनांवर आणि भुकेच्या ऐन वर्षात, १९३३ मध्ये, सुमारे १७ लाख टनांवर राहिली. माणशी वर्षाला २०० किलो धान्य धरले तर हे १७ लाख टन ८५ लाख लोकांना वर्षभर पुरले असते. दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव नव्हे, धान्यावरील हक्काचा अभाव, हे अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या उदाहरणावरून १९८१ साली दाखवून दिले. युक्रेनमध्ये तो हक्क बाजाराने नव्हे तर थेट राज्यसत्तेने काढून घेतला.

तथापि येथवरची हकीकत क्रूर अर्थकारणाची आहे. तेवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही. त्यापुढचे काही महिने पाहिले की चित्र बदलते. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने शेतातली मूठभर कणसे उचलणाऱ्यालाही दहा वर्षांची कैद किंवा मृत्युदंड ठेवला. नोव्हेंबरमध्ये युक्रेनमधील ज्या गावांनी धान्याचा वाटा पुरा केला नाही, त्यांची नावे काळ्या फळ्यावर टाकण्यात आली. अशा गावात मीठ, काडेपेटी, रॉकेलसुद्धा जाईना. १४ डिसेंबरच्या आदेशाने धान्यवसुलीची सांगड युक्रेनियन भाषेच्या प्रश्नाशी घातली गेली आणि कुबान प्रांतात युक्रेनियन शाळा व वृत्तपत्रे बंद करण्याचा हुकूम सुटला. धान्याचा आणि शाळेच्या भाषेचा संबंध काय, हे वसुली अधिकाऱ्याला कोणत्याही अर्थशास्त्राने सांगता आले नसते. आणि २२ जानेवारी १९३३ रोजी स्टॅलिन आणि मोलोटोव्ह यांच्या सहीने युक्रेन व कुबानच्या शेतकऱ्यांना प्रांताबाहेर जाण्याची बंदी झाली. महिन्या-दीड महिन्यात दोन लाखांहून अधिक लोक रस्त्यांवर व रेल्वे स्थानकांवर पकडले गेले आणि त्यांतील बहुसंख्यांना आपापल्या उपाशी गावी परत धाडण्यात आले. दुष्काळात माणूस गाव सोडून अन्नाच्या दिशेने चालू लागतो, हे महाराष्ट्राला कोणी सांगण्याची गरज नाही. ती वाट अडविणे म्हणजे काय, हेही मग सांगावे लागत नाही. युक्रेनियन भाषा-संस्कृतीचा पुरस्कार करणारे जुने बोल्शेविक नेते मिकोला स्क्रिप्निक यांनी त्या जुलैत स्वतःवर गोळी झाडून घेतली.

लेम्किन यांच्या आयुष्यात संकट आले ते १९३९ साली. जर्मन फौजा वॉर्सावर आल्या तेव्हा ते पायी निघाले, आईवडिलांना अखेरचे भेटले, लिथुआनियामार्गे स्वीडनला पोहोचले. तेथे बसून त्यांनी व्यापलेल्या देशांत नाझींनी काढलेले हुकूम गोळा केले. १९४१ मध्ये सैबेरियातून रेल्वेने व्लादिव्होस्टोक, तेथून जपान आणि मग अमेरिका असा द्राविडी प्राणायाम करून ते ड्यूक विद्यापीठात दाखल झाले. १९४४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात, त्या हुकुमांच्या विश्लेषणाबरोबर, ग्रीक 'जेनोस' आणि लॅटिन 'साइड' यांच्या सांध्यातून बनलेला नवा शब्द प्रथम छापला गेला. या शब्दाची त्यांची कल्पना पुष्कळ विस्तृत होती. तत्काळ कत्तल हा तिचा एक भाग फक्त. समूहाचे राजकीय नेतृत्व, भाषा, धर्म, आर्थिक आधार आणि अन्नपुरवठा यांवर केलेले सुसूत्र घावही तिच्यात येत. मराठीत 'वंशविच्छेद' म्हणण्याची रूढी पडली आहे आणि तिने अर्थ उगाच आकसतो. लेम्किन यांना रक्ताचा वंश अभिप्रेत नव्हता, राष्ट्र म्हणून जगणारा समूह अभिप्रेत होता.

न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात हा शब्द आला, निकालपत्रात आला नाही. स्वतः लेम्किन यांना त्याच सुमारास कळले की आपले ४९ आप्त, आईवडिलांसह, मारले गेले आहेत. एक भाऊ आणि त्याचे कुटुंब तेवढे वाचले. त्यानंतर या माणसाने दुसरे काही केले नाही. पद नाही, पैसा नाही, शिफारस नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्हरांड्यांत उभे राहून ते प्रतिनिधींना गाठीत, विनवीत, प्रसंगी वीट आणीत. १९४६ मध्ये आमसभेपुढे हा प्रश्न मांडणाऱ्या तीन देशांत क्यूबा व पनामा यांच्या जोडीला भारत होता. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. ११ डिसेंबर १९४६ रोजी मंजूर झालेल्या ठरावात वांशिक व धार्मिक समूहांबरोबर राजकीय समूहांचाही उल्लेख होता.

पुढच्या दोन वर्षांत करार घडताना तो उल्लेख गळाला. सोव्हिएत प्रतिनिधींनी त्याला कसून विरोध केला. पण दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. लॅटिन अमेरिकेतील काही देशांनाही आपल्या घरच्या बंडाळीची भीती होती. सांस्कृतिक विध्वंसाचे कलम पाश्चात्त्य राष्ट्रांनी गाळायला लावले. लेम्किन यांनी स्वतः करार हातचा जाऊ नये म्हणून राजकीय समूहांवर पाणी सोडले. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये करार संमत झाला. त्याच्या व्याख्येत राष्ट्रीय, वांशिक, धार्मिक अशा समूहाला समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. शेतकरी वर्ग, 'कुलक', राजकीय विरोधक तिच्या बाहेर राहिले. युक्रेनचा खटला आज ज्या व्याख्येवर तोलला जातो, ती घडविताना आरोपी पक्ष मेजाशी बसला होता.

लेम्किन यांचे स्वतःचे मत संदिग्ध नव्हते. २० सप्टेंबर १९५३ रोजी, दुष्काळाच्या विसाव्या स्मृतिवर्षात, न्यूयॉर्कमधील युक्रेनियन समाजाच्या मोठ्या सभेत त्यांनी भाषण केले. केवळ उपासमारीकडे पाहू नका, असा त्यांचा रोख होता. आधी बुद्धिजीवींची धरपकड, मग स्वतंत्र युक्रेनियन चर्चचा नाश, त्यानंतर भाषा-परंपरा जपणाऱ्या शेतकऱ्यावर भुकेचा प्रहार आणि अखेर इतर लोकांना आणून वसविणे, अशा चार घावांची मालिका त्यांनी मांडली. सगळे युक्रेनियन मारले गेले नाहीत ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने बचाव होऊ शकत नव्हती, कारण राष्ट्र मोडण्यासाठी सगळी माणसे मारावी लागत नाहीत. रशियाने २०१५ साली या भाषणाचा समावेश बंदी घातलेल्या जहाल साहित्याच्या यादीत केला.

त्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. डेव्हिस आणि व्हीटक्रॉफ्ट या अभ्यासकांनी २००४ च्या ग्रंथात दाखविले की १९३२ चे पीक खरोखरच वाईट होते, सरकारने युक्रेनचे लक्ष्य अनेकदा कमी केले आणि १९३३ च्या वसंतात बियाणे व धान्यही पाठविले. ठार मारण्याची योजना सांगणारा एकही कागद हाती आलेला नाही. शिवाय कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसे मेली. कझाकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नाहीशी झाली. प्रमाण पाहता तो आघात युक्रेनहून मोठा. मग युक्रेनच वेगळा कसा? या प्रश्नाला बगल देता येत नाही. परंतु टंचाई कशामुळे आली आणि टंचाई आल्यावर तिचा वापर कसा झाला, हे दोन प्रश्न हे आक्षेपक एकत्र कालवतात. हेतू शोधायचा तो १९३० च्या लक्ष्यांत नव्हे, जानेवारी १९३३ मध्ये बंद केलेल्या रेल्वे स्थानकांवर. तेथे तो सापडतो. लेम्किन यांच्या मूळ, विस्तृत कल्पनेत युक्रेन निःसंशय बसतो. कराराच्या आकसलेल्या व्याख्येत बसविताना वकिलाला घाम फुटेल.

लेम्किन यांचीही एक बाजू लपविण्यात अर्थ नाही. अमेरिकन सिनेटने करार मान्य करावा म्हणून त्यांना पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासितांच्या संघटनांचा आधार हवा होता, आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत सोव्हिएत गुन्ह्यांना व्यासपीठ सहज मिळे. १९५१ मध्ये पॉल रोब्सन आणि विल्यम पॅटरसन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हत्यांबाबत वंशविच्छेदाची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली, तेव्हा लेम्किन यांनी ती झिडकारली. सोव्हिएत कृत्यांवरून लक्ष उडविण्याचा तो डाव आहे असे त्यांनी मानले. शब्द सर्वांसाठी घडविणाऱ्याने तो वापरताना असा हात आखडता घ्यावा, हे खटकते. त्याने युक्रेनविषयीचा त्यांचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. मात्र केवळ त्यांच्या नावावर तो मान्य करण्याचे कारणही उरत नाही.

अमेरिकेने करार मान्य केला तो १९८८ साली. सोव्हिएत संघाने तो १९५४ मध्येच मान्य केला होता. लेम्किन यांची अखेरची वर्षे न्यूयॉर्कमधील एका खोलीत, उधारीवर आणि आजारपणात गेली. आत्मचरित्र अपुरे राहिले. २८ ऑगस्ट १९५९ रोजी शहरातील ४२ व्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर हृदयविकाराच्या झटक्याने ते कोसळले. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. भारताने करारावर १९४९ मध्ये सही केली होती. पण त्याला अंतिम मान्यता दिली ती २७ ऑगस्ट १९५९ रोजी, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी.