गायनाचार्य अल्लादियाखाँ व त्यांचे श्रोते

करवीर नगरीचें नांव घेतलें म्हणजे अंबाबाईचें मंदिर, कुस्तीचे आखाडे व चित्रपटांचा जुना व्यवसाय यांची प्रथम आठवण होते. परंतु हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासांत या नगरीस जें मानाचें स्थान मिळालें आहे, त्याचें मोठें श्रेय दूरदेशाहून येथें आलेल्या एका गवयाकडे जातें. ते गवई म्हणजे अल्लादियाखाँसाहेब होत. ग्रामोफोनच्या ऐन भरभराटीच्या काळांत ते हयात होते, त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली होती. तरीही त्यांचा आवाज आज आपणांस कोणत्याही तबकडीवर ऐकावयास मिळत नाहीं. असें कां झालें, आणि असें होऊनही त्यांचें गाणें जिवंत कसें राहिलें, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजीं राजपुतान्यांतील उणियारा या गांवीं झाला. त्यांचें मूळ नांव गुलाम अहमद असें होतें. वडील ख्वाजा अहमदखाँ हे गवईच होते. परंतु पितृछत्र लवकर हरपल्यामुळें चुलते जहांगीरखाँ यांनीं त्यांस विद्या दिली. आधीं ध्रुपद-धमार व मग ख्याल, अशा क्रमानें त्यांनीं वर्षानुवर्षें मेहनत केली आणि तरुणपणींच राजपुतान्यांतील दरबारांत नांव मिळविलें.

ऐन उमेदींत त्यांच्यावर एक घोर प्रसंग ओढवला. आमलेटा नांवाच्या लहानशा संस्थानच्या अधिपतींस खाँसाहेबांच्या गायनाचा विलक्षण नाद लागला. त्यांची तृप्ति म्हणून होईना. दिवसामागून दिवस गावें लागलें आणि अखेर खाँसाहेबांचा आवाज पार बसला. रसिकाचें प्रेमही मर्यादा सोडून वाहूं लागलें तर कलावंतास कसें घातक होतें, याचा हा दाखला होय. पुढें आवाज परत आला, पण पूर्वींची गोडी व लवचिकता परत आली नाहीं. दुसरा एखादा गवई या आघातानें खचून गेला असता. खाँसाहेबांनीं मात्र जो आवाज उरला, त्यालाच शोभेल अशी नवी गायकी घडविली. स्वर आणि लय यांची अखंड वीण, पेंचदार ताना, दोन राग एकजीव करणारे जोडराग व दुर्मिळ रागांचा मोठा संग्रह, हीं तिचीं लक्षणें झालीं. हीच गायकी पुढें जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून प्रसिद्धीस आली.

१८९५ च्या सुमारास श्रीमन्महाराज शाहू छत्रपतींनीं त्यांस आपल्या दरबारीं आश्रय दिला आणि तेव्हांपासून महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, कोल्हापूर हेंच त्यांचें घर झालें. त्या काळचा श्रोता आज डोळ्यांपुढें आणणें कठीण आहे. गाणें ऐकावयाचें तर बैठकीस जावें लागे, तासन्तास मांडी घालून बसावें लागे. आणि एकदां ऐकलेला राग पुन्हां कधीं कानीं पडेल याचा नेम नसे. म्हणून श्रोता जें ऐके तें जिवापाड जपून मनांत सांठवी.

अशा काळांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र हिंदुस्थानांत आलें. नोव्हेंबर १९०२ मध्यें गायझबर्ग नांवाच्या गृहस्थांनीं कलकत्त्यास गोहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. गायकानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें, त्या ध्वनीच्या कंपनांनीं मेणाच्या तबकडीवर रेघा उमटाव्या, मग तिच्या प्रती जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापून आगबोटीनें इकडे याव्या, असा तो आरंभीचा खटाटोप होता. एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें गाणें मावे. तरी या यंत्रानें मोठी क्रांति केली. ज्यास कोणत्याही दरबारांत वा दिवाणखान्यांत प्रवेश नव्हता, त्या सामान्य माणसाच्या कानीं थोर गवयांचे सूर पडूं लागले. आमच्या शेजारच्या मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखाँ यांच्या तबकड्या घरोघर लोकप्रिय झाल्या.

अल्लादियाखाँसाहेबांनीं मात्र या यंत्रापुढें गाण्याचें नाकारलें. पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली विद्या अनधिकारी माणसाच्या हातीं पडूं नये, ही त्यांची दृष्टि होती. शिवाय जो राग उलगडावयास तास लागतो, तो तीन मिनिटांत कसा मावणार, हाही प्रश्न होताच. त्यांनीं सारी भिस्त ठेविली ती शिष्यांवर.

गंमत अशी कीं, यंत्रास दूर ठेवूनही त्यांची विद्या यंत्रापर्यंत पोंचलीच, आणि ती पोंचविली त्यांच्या भक्तांनीं. भास्करबुवा बखले हे आधीं दुसऱ्या घराण्यांची तालीम घेतलेले नामांकित गवई; तरी ते खाँसाहेबांचे शागीर्द झाले. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांस त्यांनीं ज्या चाली दिल्या, त्यांत या घराण्याच्या चिजांची छाया उतरली आणि बालगंधर्वांच्या मुखानें ती हजारों प्रेक्षकांपर्यंत गेली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे असेच दुसरे भक्त. १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचें संगीत टेंबे यांनींच दिलें व त्यांत नायकाची भूमिकाही केली. नव्या धंद्यांत असा अग्रेसर असलेला हा कलावंत खाँसाहेबांविषयीं अखेरपर्यंत नितांत आदर बाळगून होता व त्यांचें चरित्रही त्यानें लिहून ठेविलें. धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्या बाजारांत निघाल्या होत्या, नांव झालें होतें. तरी १९३५ च्या सुमारास ते खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढें शिष्य म्हणून बसले, आणि १९३७ सालीं मंजीखाँ वारल्यावर त्यांचे बंधु भुर्जीखाँ यांच्याकडे शिकत राहिले. बाजारांतील यशानें विद्येची भूक भागत नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. तेथें गोमंतकांतील केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनीं त्यांची विद्या अपार कष्टानें संपादन केली. वृद्धपणीं त्यांनीं आपल्या आयुष्याची हकीगत नातू अझीझुद्दीनखाँ यांस सांगितली व ती लिहून ठेवली गेली. १६ मार्च १९४६ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. केसरबाईंनीं कांहीं तबकड्यांसाठीं गाइलें, म्हणून त्यांचा आवाज आपणांस लाभला. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ हीं दोन याने आकाशांत सोडलीं. त्यांवरील तबकडींत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ज्या गुरूनें तबकडी नाकारली, त्याचीच विद्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेर गेली!

खाँसाहेबांच्या निर्णयाची किंमत आपण सर्वांनीं मोजली आहे, हें नाकारतां येत नाहीं. त्यांचा एक सूर जरी मुद्रित झाला असता, तरी आज आम्हांस तो अमोल वाटला असता. यंत्र हें वाईट नव्हे. त्यानें कलेचें दार गरिबासही उघडलें. परंतु जें गाणें यंत्रांत नव्हतें तें जगलें, तें केवळ मन लावून ऐकणाऱ्या व शिकणाऱ्या माणसांमुळें, हेंही तितकेंच खरें.

तबकडी गेली, रेडिओ आला, फीत आली, आणि आतां तर खिशांतील फोनावर लाखों गाणीं मिळतात. आपल्या मुलांस गाणें मिळवावयाचे कष्ट उरले नाहींत. ऐकावयाचे मात्र तेवढेच उरले आहेत. विद्यार्थ्यांनीं एखादें दिवशीं केसरबाईंचा वा मन्सूरांचा एकच राग घ्यावा, दुसरें कांहीं न करितां तो शेवटपर्यंत ऐकावा, आणि पालकांनींही त्यांच्याबरोबर बसावें. ज्यांचा आवाज हरपला त्या अल्लादियाखाँसाहेबांची ओळख होण्याचा तोच एक मार्ग आज उरला आहे.