गावोगाव गाणारी जेनिस

जेनिस जॉप्लिनचं गाणं ऐकताना बाई घसा फाडून रडतेय असंच वाटतं मला. १९४३ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, पोर्ट आर्थर गावी ती जन्मली. चेहऱ्यावर मुरुमांचे व्रण, वागणं चारचौघींपेक्षा वेगळं, म्हणून शाळेत पोरं फार चिडवायची. १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रॉक बँडची ती गायिका झाली, पुढच्याच वर्षी मॉन्टेरेच्या महोत्सवात गाजली आणि पायाला भिंगरी लागली. आज हे शहर, उद्या ते. बँडमध्ये बाकी सगळे पुरुष. स्टेजवर हजारोंच्या टाळ्या, हॉटेलच्या खोलीत मात्र एकटीच. दारू होतीच, हेरॉइनही शिरलं. (व्यसनापायी मोडलेली घरं मी कामात पाहते, त्यामुळे तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.)

१९७०च्या जून-जुलैत गायक-वादकांची अख्खी रेल्वेगाडी कॅनडात फिरली. टोरांटो, विनिपेग, कॅलगरी. डब्यातच वाद्यं, रात्ररात्र गाणी, आणि त्यात आपली जेनिस! ऑगस्टमध्ये तिने बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या कबरीवर दगड बसवायला पैसे दिले. बेसीला ती फार मानायची. १९३७पासून त्या कबरीवर नावसुद्धा नव्हतं. त्याच महिन्यात शाळेच्या स्नेहमेळाव्यालाही जाऊन आली, चिडवणाऱ्यांच्याच गावात.

४ ऑक्टोबर १९७०ला हॉलिवूडच्या हॉटेलात ती मृतावस्थेत सापडली. वय अवघं २७. नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग अर्धवट. मृत्युपत्रात मित्रमंडळींच्या पार्टीसाठी अडीच हजार डॉलर ठेवले होते. त्यांनी ती केलीही.